एकास सत्त्याऐंशी : जोशी रेल्वे संग्रहालयाची वाटचाल

सोनईला रूळ नाहीत. जवळची स्टेशने म्हणजे राहुरी आणि वांबोरी. दोन्ही दौंड–मनमाड मार्गावर, आणि तो मार्ग १८७८ पासून सुरू आहे. पणजोबांच्या आधीपासून गाडी आपल्या शिवाराच्या पश्चिमेने जाते-येते, पण गावात मात्र ती कधी आली नाही. आपल्याकडे चाक म्हटले की बैलगाडीचे, एस.टी.चे, आणि गाळपाच्या हंगामात मुळा कारखान्याकडे ऊस भरून डुलत निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे. पुण्याच्या सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्गात विचारले, रेल्वेत कोण कोण बसले आहे? निम्म्याहून कमी हात वर आले. बाकीच्यांनी गाडी पाहिली होती ती राहुरीच्या फाटकावर, मोटारसायकलच्या टाकीवर बसून, वडिलांच्या दोन हातांमधून.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत पुण्यातल्या एका संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आपली सहल ज्या ज्या ठिकाणी गेली, त्यांत मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते या एका ठिकाणी. शनिवारवाड्यात मुले धावतात, सिंहगडावर भजी खातात. कर्वे रस्त्याजवळच्या त्या खोलीत ती गप्प बसली, आणि बाहेर पडल्यावर नगर येईपर्यंत बोलत राहिली. ज्या संस्थेने आपल्या मुलांना इतके दिले, तिची वाटचाल आपल्या स्मरणिकेत नोंदली जावी असे मला मनापासून वाटते.

ही संस्था म्हणजे पुण्यात कोथरूड भागात, कर्वे रस्त्याजवळ असलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय. तिचे मूळ आहे बी. एस. तथा भाऊसाहेब जोशी यांच्या छंदात. भाऊसाहेबांना लहानपणापासून गाड्यांचे वेड. असे वेड बहुतेक मुलांना असते. चावीची गाडी, काड्यापेट्यांची गाडी, एकमेकांचे सदरे धरून अंगणात काढलेली गाडी यांतून कोण गेले नाही? पण ते वय सरते आणि गाडी माळ्यावर जाते. भाऊसाहेबांची गेली नाही. ते मोठे झाले, यंत्रांच्या व्यवसायात उतरले, हाताशी कार्यशाळा आली, आणि लहानपणी जे मनात होते ते आता लेथवर, करवतीने, डाग देऊन प्रत्यक्षात येऊ लागले.

त्या काळाची आठवण ठेवायला हवी. परदेशी खेळणी आणि सुटे भाग आज घरबसल्या मागवता येतात. १९९१ च्या आधी आयातीवर निर्बंध होते, परकीय चलन मोजून मिळत होते. जर्मनीत म्यर्कलिन ही कंपनी १८५९ पासून खेळणी बनवत होती. १८९१ मध्ये तिने लायप्झिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांचा संच मांडला, आणि तेव्हापासून युरोपातल्या मुलाला दरवर्षी वाढदिवसाला एक डबा, एक सिग्नल, एक सांधा अशी आपली रेल्वे वाढवता येऊ लागली. पुण्यातल्या छांदिष्टाला ती सोय नव्हती. एखादे इंजिन कोणा परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेतून आले तर आले. बाकी सारे हाताने करायचे. अशा अडचणीतून केलेल्या कामाला एक वेगळी पकड असते असे मला वाटते. ज्याने सांधा स्वतः घडवला, त्याला तो बिघडल्यावर कुठे बोट लावायचे हे ठाऊक असते.

१९८२ मध्ये भाऊसाहेबांनी आपल्या गाड्या पहिल्यांदा लोकांपुढे मांडल्या. जागा होती पुण्याचा गोखले हॉल. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, मुंबईत प्रदर्शन झाले. ही मांडणी सुटी करून नेता येईल, पुन्हा जोडता येईल अशी बांधलेली होती. ऐकायला हे सोपे वाटते. आपल्या गावच्या यात्रेत आकाशपाळणा उभा राहतो आणि चार दिवसांनी ट्रकमध्ये चढतो, तसेच काहीसे. पण पाळण्याच्या खांबात बोटभर फट राहिली तरी चालते. इथे दोन फळ्यांवरचे रूळ केसभर सरकले की चाक उतरते. फळीखाली तारांचे जाळे असते, आणि प्रत्येक जोडावर वीज एका फळीतून दुसरीत जायची असते. एक तार सुटली तर अर्ध्या गावात अंधार. डोंगर प्लास्टरचा, झाडे चिकटवलेली, खांब काडीएवढे. टेम्पो एका खड्ड्यातून गेला की काही ना काही मोडणारच. ज्याने आयुष्यात कधी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखी एस.टी.च्या टपावरून तालुक्याला नेला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे आहे. दोन प्रदर्शने गाजली. लोक आले, मुले आली. तिसरे, चौथे, दहावे प्रदर्शन भरवता आले असते. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊसाहेबांनी ठरवले की आता उचलून न्यायचे नाही, एका जागी कायमचे उभारायचे. त्या कामात काही वर्षे गेली, आणि १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. छंद माणसाबरोबर चालतो आणि माणसाबरोबरच जातो. त्याला छप्पर, वेळापत्रक आणि तिकीट मिळाले की तो चार लोकांचा होतो. त्या दिवशी पुण्यातल्या एका घराच्या छंदाची संस्था झाली.

त्या वेळी आपल्या देशात रेल्वेची संग्रहालये नव्हती असे नाही. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले, म्हैसूरचे १९७९ मध्ये. तिथे खरीखुरी, सेवेतून निवृत्त झालेली इंजिने आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहिले की आपण चाकाएवढेही नाही हे कळते. पण त्यांतली बहुतेक उभी आहेत. कोथरूडच्या खोलीत उलट आहे. इंजिन तळहातावर मावेल एवढे, पण ते चालते. आणि जगातली आज सर्वांत मोठी मानली जाणारी छोट्या रेल्वेची मांडणी, जर्मनीतल्या हॅम्बुर्गची, ब्राउन या जुळ्या भावांनी सुरू केली ती ऑगस्ट २००१ मध्ये. तिथले आकारमान, खर्च, माणसे यांची तुलना करू नये. मात्र पुण्याची गाडी तीन वर्षे आधी सुटली होती, ही नोंद आपण अभिमानाने करावी.

आता आत काय आहे ते. खोलीच्या मध्यावर एक अख्खे शहर मांडलेले आहे आणि लोक त्याच्या कडेने बसतात. डोंगर, बोगदे, उड्डाणपूल, रस्त्यावरचे दिवे, कुंपणे, सिग्नल. सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून पाहायचा सिनेमा आहे. बसायला सांगतात, दिवे मंद होतात, आवाज सुरू होतो, आणि एकेक गाडी आपली ओळख करून दिल्यासारखी निघते. वाफेचे इंजिन, वेगवान बुलेट गाडी, डोंगर चढणारी गाडी, आणि डोक्यावरच्या रुळाला लटकून जाणारी गाडी. सारे संगणकाच्या हुकमाने चालते. कुठली गाडी कुठे थांबायची, कुठला सांधा कधी फिरायचा, कुठला सिग्नल लाल, हे आधी ठरलेले असते. शेवटी रात्र होते आणि गावभर दिवे लागतात. आमच्या मुलांपैकी एक त्या वेळी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, हितं लोडशेडिंग नाही का?” त्याला खरोखरच आश्चर्य वाटले होते.

लटकत्या गाडीवर मुलांचा विश्वास बसेना. खालून चाके नसलेली गाडी ही त्यांना कल्पनेतली वाटली. जर्मनीत वुप्परताल नावाच्या गावी अशी गाडी १९०१ पासून आजही लोकांना कामावर नेते-आणते. तिचा बराचसा मार्ग वुप्पर नदीच्या पात्रावरून जातो, कारण त्या चिंचोळ्या खोऱ्यात जमिनीवर रूळ घालायला जागाच उरली नव्हती. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले की आपल्या मुळा नदीवरून अशी गाडी जाईल का. मी म्हणालो, नदी आहे, गर्दी नाही. पण त्या प्रश्नात भूगोल होता, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता.

खरा आनंद परतल्यावर फळ्यापाशी झाला. छोट्या रेल्वेत सर्वांत जास्त चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खऱ्या वस्तूची लांबी सत्त्याऐंशीने भागायची. युरोपातल्या बहुतेक रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर. भागा सत्त्याऐंशीने, येते साडेसोळा मिलिमीटर, आणि या मापाचे रूळ खरोखर तेवढ्याच अंतरावर असतात. मुलांनी मग स्वतःच विचारले, आणि आपले? आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरहून थोडा जास्त. भारतातली गाडी हुबेहूब करायची तर रूळसुद्धा वेगळे घडवावे लागतील. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर आपली गाडी चालवायची तर तिला पावणेतीन मिलिमीटर तडजोड करावी लागते.

एकदा गणित लागले की मुले थांबेनात. पाच फूट साडेआठ इंच उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जाईल. पुणे ते मुंबई हा १९२ किलोमीटरचा मार्ग २२०० मीटरचा, म्हणजे आपल्या एस.टी. स्टँडपासून रमतगमत फिरून यावे एवढा. चोवीस डब्यांची लांब पल्ल्याची गाडी साडेसहा मीटर, म्हणजे आमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत. संग्रहालयात गाडीला डबे मोजकेच का, याचे उत्तर मुलांना फळ्यापाशी मिळाले. वळणांचेही तसेच. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येहून तीव्र वळण सहसा घालत नाहीत. छोट्या मापात त्याची त्रिज्या दोन मीटर होते, म्हणजे गाडी नुसती वळवायलाच चार मीटर रुंद जागा लागेल. एवढी खोली कोणाकडे असणार? म्हणून या गाड्यांची वळणे खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र ठेवतात आणि डबे त्या वळणाला पुरतील असे निवडतात. कुठे प्रमाण पाळायचे आणि कुठे सोडायचे हे ठरवणे म्हणजेच ही कला, आणि ते डोळ्यांना खटकू न देणे हे तिचे यश.

रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये राहुरी ते शनिशिंगणापूर या सुमारे बावीस किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. एका मुलाने तोही भागून टाकला. अडीचशे मीटर. “म्हणजे सर, आपल्या शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या की शिंगणापूर!” सोनईच्या पोरांना रेल्वे आता फाटकापलीकडची राहिली नव्हती.

संस्थेच्या इतिहासात उद्घाटनाची तारीख ठळक छापली जाते, पण संस्था जगते ती त्यानंतरच्या रोजच्या कामावर. छोट्या रेल्वेचा सर्वांत मोठा शत्रू धूळ. अशा गाड्यांना वीज रुळातून मिळते. चाक रुळाला टेकते तो स्पर्श टाचणीच्या टोकाएवढा. त्यात धुळीचा कण आला, तेलाचा पातळ थर बसला, रूळ काळवंडला, की इंजिन अडखळते, दिवा लुकलुकतो. म्हणून रूळ पुसायचे, चाके पुसायची. मोटारीतले झिजणारे भाग बदलायचे, दातेरी चाकांना थेंबभर वंगण द्यायचे. जास्त झाले तर तेच रुळावर उतरते. खऱ्या रेल्वेत रुळावरून चालत जाणारा गँगमन हातोड्याने खिळे ठोकतो, सांधेवाला सांध्यात अडकलेली खडी काढतो. इथे तीच कामे चिमट्याने आणि कुंचल्याने करायची असतात. प्रेक्षक दर खेळाला नवे असतात. त्यांना काल गाडी चालली होती की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ती आज, आत्ता चालली पाहिजे. १९९८ पासून ही गाडी अशी रोज चालती ठेवणे, हे उभारणीपेक्षा मोठे काम आहे असे मी मानतो.

हे काम पुढे भाऊसाहेबांचे चिरंजीव डॉ. रवी जोशी यांनी सांभाळले, आणि घरातली पुढची पिढीही त्यात आहे. आपल्याकडे मोठमोठे संग्रह मालकाच्या तेराव्यानंतर वाटणीत जातात, नाहीतर वजनावर विकले जातात. आपल्याच तालुक्यात जुनी अवजारे, मोटेची चाके, पितळी दिवे भंगाराच्या गाडीत चढताना मी पाहिले आहेत. देणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नव्हते, कारण त्याला ती ठेवायची जागा ठाऊक नव्हती. वडिलांचा छंद मुलाने आपला मानणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्याहून दुर्मीळ म्हणजे तो कुलूपबंद न ठेवता रोज लोकांसाठी उघडणे. लिम्का बुकमध्ये या संग्रहालयाची नोंद झाली, देशातले छोट्या रेल्वेचे एकमेव संग्रहालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. ते योग्यच आहे. माझ्या लेखी मात्र त्याचा मोठा मान हा, की तिथे माणसे कंटाळून हुकमी बोलत नाहीत. मुलाने काचेला नाक लावून विचारलेल्या दहाव्या प्रश्नालाही पहिल्यासारखेच उत्तर मिळते.

एक इच्छा मात्र मनात आहे, ती प्रेमापोटीच लिहितो. महाराष्ट्राच्या मातीतल्या रेल्वेची गोष्ट फार समृद्ध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढत नेले. बोरघाटात १८६३ मध्ये गाडी चढली, तेव्हा थेट चढ जमत नाही म्हणून तिला मध्ये थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने वर नेत. माथेरानची दोन फुटी रुळांवरची गाडी १९०७ ची. आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली बार्शी लाईट रेल्वे! एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर ती १८९७ मध्ये सुरू केली. पंढरीच्या वाटेवरच्या कितीतरी वारकऱ्यांना तिने नेले. पुढे तिचे अरुंद रूळ जाऊन ब्रॉडगेज आले. ते व्हायलाच हवे होते. मालगाडीतला माल कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरायचा, हे किती दिवस चालणार? पण ती गाडी आता कुठे पाहायची? छोट्या रेल्वेचे मोल इथे कळते. खरे रूळ उखडले की पुन्हा घालता येत नाहीत, सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे मात्र टेबलावर घालता येतात. बोरघाटाची ती उलटी चढण, बार्शीची गाडी, बेलापूर नावाचे श्रीरामपूरचे स्टेशन आणि त्याच्या यार्डात ऊसपट्ट्यातली साखर भरून घेणारी मालगाडी, असे एखादे मराठी मुलखाचे दालन या संस्थेत पुढेमागे उभे राहावे. पुण्याला ते शोभेल, आणि करायला लागणारे हात याच घरात आहेत.

आमच्या शाळेत त्या सहलीनंतर एक टेबल तयार झाले. सुतारकाम जाणणाऱ्या एका पालकांनी फळी दिली, मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर केले, तारेचे रूळ केले. त्यावर गाडी चालत नाही. पण राहुरीचे स्टेशन, फाटक, फाटकापाशी थांबलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यामागे एक एस.टी. एवढे सगळे एकास सत्त्याऐंशी मापाने मोजून केलेले आहे. ट्रॉलीतला ऊस बाजरीच्या काडाचा आहे.

पुढच्या वर्षी सहल काढणाऱ्या शिक्षकांना एवढेच सांगणे. पुण्याच्या यादीत कर्वे रस्त्याजवळचे हे ठिकाण धरा. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, आणि मुले चाळीसच्या वर असतील तर दोन तुकड्या करा, म्हणजे बुटकी मुले पुढे बसतील आणि सगळ्यांना दिसेल. खेळ संपल्यावर लगेच शिट्टी वाजवू नका, प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे ठेवा. सोनईहून पहाटे पाचला निघाले तर घोडेगाव, नगर, शिरूर करत दहाच्या सुमारास तिथे पोचता येते.